जखमेवर जेल लावण्याआधी जखम किती ओली आहे ते बघा

प्रश्न देवगडजवळच्या एका ताईंचा आहे. वडील 68 वर्षांचे, आंब्याची बाग, मधुमेह जुना. उजव्या तळपायाला अंगठ्याच्या मुळाशी जिथे घट्टा होता तिथेच जखम झाली आणि दोन महिने झाले तरी भरत नाही. मुंबईच्या भावाने हायड्रोजेलची ट्यूब पाठवलीय. तो म्हणतो, जखम ओली ठेवायची असते. घरातली मोठी माणसं म्हणतात, वारा लागू दे, ओली राहिली तर चिघळेल. शिवाय कोळंबीच्या सालांपासून केलेली पट्टी मिळते म्हणतात, ती मागवावी का?

ताई, ट्यूब तूर्त बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. बाबांच्या पावलापर्यंत रक्त पुरेसं पोचतंय का, आणि जखमेतून पाणी किती सुटतंय. ही दोन उत्तरं हाती नसताना कुठलंही ड्रेसिंग निवडणं म्हणजे नुसतं अंदाजपंचे. मी सर्जन आहे, किनारपट्टीच्या गावांतले मधुमेहाचे पाय हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा भाऊ म्हणतो त्याला आधार आहे. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. नवी त्वचा जखमेच्या कडेकडून सरकत आत येते आणि त्या पेशींना सरकायला ओलावा लागतो. वर कडक खपली असेल तर त्यांना खपलीच्या खाली उतरून, ओल्या मांसाच्या पातळीवरून वाट काढावी लागते. खपली धरली म्हणजे जखम भरत आली असं आपण लहानपणापासून मानत आलो, पण मोठ्या जखमेत ती वाटेतला अडथळाच असते.

हायड्रोजेलही त्याच सुमाराचं. 1960 साली प्रागमधल्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी शरीराला चालतील अशा, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. पाण्याची ओढ असलेल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधल्या, की त्या पाण्यात विरघळून जात नाहीत, फक्त फुगतात. सब्जा भिजवल्यावर प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत थर धरतो, तोही अशाच साखळ्यांचा. ट्यूबमधल्या बऱ्याच जेलमध्ये कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि बाकी पाणी असतं. पाण्याचं प्रमाण साधारण 70 ते 90 टक्के, काहींत त्याहूनही जास्त. जेल हे पाणी सुकलेल्या जखमेला देतं. तळाशी चिकटलेला पिवळा थर आणि मेलेली कातडी त्याने मऊ पडते आणि शरीरातलीच विकरं (एन्झाइम्स) ती हळूहळू सोडवतात. ड्रेसिंग बदलताना गॉझ चिकटून नवं मांस ओरबाडलं जात नाही, त्यामुळे दुखतंही कमी.

म्हणजे जेलचं मुख्य काम पाणी देण्याचं. पाणी शोषून घ्यायची त्याची ताकद अगदी थोडी. हे लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं होईल.

ड्रेसिंग सोडल्यावर मी आधी जखमेकडे बघत नाही, निघालेल्या पट्टीकडे बघते. तुम्हीही बघा. कालचं गॉझ कोरडं ठणठणीत, जखमेला चिकटलेलं, काढताना ताणावं लागतंय आणि खाली पिवळट कडक थर दिसतोय, तर जखमेला पाणी कमी पडतंय. तिथे जेल कामाचं. आतलं गॉझ मधोमध ओलं, पण बाहेरची पट्टी कोरडी, जखमेचा तळ लालभडक आणि दाणेदार, तर ओलावा बरोबर आहे, काही बदलू नका. आणि बाहेरच्या पट्टीपर्यंत डाग आलेला आहे, मोजाही भिजलाय, जखमेच्या कडेची कातडी पांढरी फटक, सुरकुतलेली, बोटाने दाबली तर सुटून येतेय, तर पाणी जास्त झालंय. अशा जखमेवर जेल घातलं, की ती कड आणखी कुजते आणि जखम रुंद होते. दोन महिने न भरलेल्या, चालत्या माणसाच्या तळपायाच्या जखमा बहुतेक या तिसऱ्या प्रकारातल्याच असतात. पट्टीवर हिरवट झाक आणि वेगळाच गोडसर वास असेल तर त्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढलेले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ती पट्टी फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

घरच्यांची भीती खोटी नाही, असं मी वारंवार सांगते ते कोकणच्या हवेमुळे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवाच इतकी दमट, की दोरीवरचं धोतर चार दिवस सुकत नाही. त्यात लावणीला माणूस दिवसभर चिखलात उभा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि मधुमेही पायात जंतू शिरायला तेवढीच फट पुरते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही भातखाचरात उघड्या जखमेतून आत येतात. तेव्हा कुणी म्हणालं, जखम ओली ठेवू नका, तर ते बोलणं अनुभवातून आलेलं असतं. ओलावा हवा तो जखमेच्या तळाला, तोही मोजका, आणि भोवतालची कातडी मात्र कोरडी. बाहेरचं पाणी, चिखल, घाम आत जाता कामा नये. ड्रेसिंगवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दिवसभर शेतात राहणारे लोक मला दर पावसाळ्यात भेटतात. आत घाम साचतो आणि संध्याकाळपर्यंत अख्खं पाऊल पांढरं पडतं. पिशवी आंघोळीपुरती ठीक, नंतर लगेच काढायची.

पाणी जास्त सुटणाऱ्या जखमेला फोमची, म्हणजे स्पंजासारखी, किंवा अल्जिनेटची पट्टी चांगली. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. मालवणकडच्या खडकांवर वाढणारं, फुगे फुगे असलेलं सारगॅसम त्याच जातकुळीतलं. पट्टीतलं कॅल्शियम आणि जखमेच्या पाण्यातलं सोडियम यांची अदलाबदल होते, धागे फुगून मऊ जेल बनतं आणि स्वतःच्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी धरून ठेवतं. पण हेच कोरड्या जखमेवर लावलं तर तिला अधिकच सुकवतं आणि धागे आत चिकटून बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पायाचं बोट काळं पडलेलं असेल, कोरडं, कडक, वास नाही, पू नाही आणि पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर त्यावर हायड्रोजेल अजिबात लावायचं नाही. शरीराने मेलेला भाग सुकवून वेगळा ठेवलेला असतो. आपण त्यावर पाणी घातलं, की कोरडं गँगरीन ओलं होतं, जंतू आत शिरतात आणि बोटावर निभावणारं प्रकरण पाऊल नाहीतर पोटरीपर्यंत जातं. असं बोट कोरडंच ठेवायचं आणि आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना गाठायचं. टाचेवरच्या घट्ट बसलेल्या कोरड्या काळ्या खपलीलाही हाच नियम. ओलं ठेवा हा सल्ला ज्या पायात रक्त पोचतं त्याच पायापुरता आहे, आणि ट्यूबवरच्या बारीक अक्षरांतून हे कुणाला कळत नाही.

रक्त पोचतंय का ते कसं कळतं? पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी हाताला लागते. डॉक्टर ती दोन मिनिटांत बघतात. शंका असेल तर रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या डॉपलर यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.9 पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं समजतात. मात्र जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांत चुना साचून त्या कडक होतात आणि आकडा फसवा, जास्त येतो. 1.3 च्या वर आला म्हणून खुशीत राहू नका, पायाच्या बोटाचा रक्तदाब मोजायला सांगा.

समजा, बाबांची नाडी चांगली लागली. तरीही जेल, फोम, अल्जिनेट यांतलं काहीच ती जखम एकट्याने भरून आणणार नाही. जखम नेमकी घट्ट्याच्या जागी झाली आहे, याचा अर्थ रोज, प्रत्येक पावलाला, तिथेच दाब पडतोय. मधुमेहाने संवेदना गेलेली, म्हणून त्यांना दुखत नाही आणि म्हणूनच ते कलमांखालून फिरत राहतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं. त्या रुग्णांचं मांस रोगामुळे आपोआप सडत नव्हतं. वेदना कळत नसल्यामुळे एकाच जागी दाब पडत राहायचा आणि जखमा व्हायच्या. पाय प्लास्टरमध्ये घालून दाब सगळीकडे वाटला, की त्याच जखमा भरायच्या. आज मधुमेहाच्या तळपायाच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट हाच पहिला उपाय मानतात. जखमेत जंतू पसरलेले असतील किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र प्लास्टर घालण्याआधी विचार करावा लागतो, म्हणून ते जाणकाराकडूनच घ्या. ते जमत नसेल तर निदान एमसीआरची (एका मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल, जखमेच्या जागी तळ कोरून घेतलेली, आणि घरातही अनवाणी नाही. देवळात जाताना काय करायचं, असं बाबा विचारतील. त्यांना सांगा, जखम भरेपर्यंत देवाला घरातूनच नमस्कार.

घट्टा मात्र घरी ब्लेडने तासू नका. तो डॉक्टरांनी काढायचा, कारण त्याखाली जखम दिसते त्यापेक्षा बरीच मोठी निघते. त्याच वेळी निर्जंतुक सळईने तळ चाचपतात. सळई हाडाला टेकली तर हाडात जंतू असण्याची शक्यता वाढते आणि एक्स-रे काढावा लागतो. हे न बघता वरून महिनोन्‌महिने महागडी ड्रेसिंग चालू ठेवलेले पाय मी खूप पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या पैशांत चांगलं पादत्राण सहज आलं असतं.

अभ्यास काय सांगतात? मधुमेही पायांच्या जखमांवरच्या हायड्रोजेलच्या प्रयोगांचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये आढावा घेतला. उथळ, कमी गंभीर जखमांत साध्या गॉझपेक्षा हायड्रोजेलने फायदा दिसला, पण ते प्रयोग लहान आणि कच्चे होते. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या मार्गदर्शनात तर स्पष्ट म्हटलंय, की ड्रेसिंग निवडताना पाणी किती सुटतंय, रुग्णाला सोयीचं काय आणि खर्च किती हे बघा. नुसती जखम लवकर भरावी म्हणून कोलॅजन किंवा अल्जिनेट वापरू नका. पाणी आवरायला अल्जिनेट वापरणं वेगळं. त्यामुळे दुकानदार महागातली पट्टी पुढे करत असेल तर ती नेमकी कशासाठी, हे विचारायला संकोच नको.

हायड्रोजेल जिथे खरंच जीव गारेगार करतं ती जागा वेगळी आहे: भाजल्याच्या वरवरच्या जखमा, खरचटलेली कातडी, दुसरीकडे लावण्यासाठी त्वचा काढून घेतलेली जागा. काजूच्या सालातल्या तेलाने बोटं सोलवटलेल्या बायका वेंगुर्ल्याकडच्या कारखान्यांतून येतात. तिथे आधी साबणाने भरपूर धुणं, मग जेलची पातळ चादर, याने आग पटकन शमते. पण गरम पाणी, तेल, दूध अंगावर सांडलं तर पहिली 20 मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. जेल त्यानंतर.

कोळंबीच्या सालाची पट्टी खरी आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणारी कोळंबी सोलल्यावर जी सालं उरतात, त्यांत कायटिन असतं. सौम्य आम्लाने त्यातला चुना काढतात, अल्कलीने प्रथिनं काढतात आणि मग कडक, गरम अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. त्यावर धन प्रभार असतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋण, त्यामुळे त्या त्याला चिकटून गोळा होतात आणि रक्त थांबतं. अमेरिकी लष्कराने 2000 नंतरच्या युद्धांत अशा पट्ट्या वापरल्या, आणि आता त्या भारतातही बनतात. कोयता लागून भळभळणाऱ्या जखमेवर दाब देऊन धरायला ही चांगली वस्तू आहे, बोटीवर ठेवण्यासारखी. बाबांच्या जखमेचा प्रश्न रक्तस्रावाचा नाही, तेव्हा त्यांच्यासाठी घाईने मागवू नका. कोळंबी-खेकड्याने अंगावर गांध्या उठत असतील तर वापरण्याआधी डॉक्टरांना सांगा. शुद्ध कायटोसानमध्ये ती प्रथिनं जवळजवळ नसतात, तरी सांगितलेलं बरं.

आपल्याकडे या विषयात झालेलं काम बघितलं की मला मनापासून अभिमान वाटतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने हायड्रोजेल बनवायची पद्धत विकसित केली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यातल्या द्रावणावर किरणं सोडली की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, वेगळं रसायन घालावं लागत नाही आणि चादर त्याच वेळी निर्जंतुकही होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीपासून कोलेडर्म हे जखमेचं आवरण केलं. त्याला 2023 मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. मुंबईत वाडिया रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी 1985 साली भाजलेल्यांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली, आणि सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची निर्जंतुक ड्रेसिंगं करून ती भाजलेल्या रुग्णांवर वापरली. 2003 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: चिकटत नाही, दुखत नाही आणि खर्च अगदी कमी. ओलावा टिकवायचा, चिकटू द्यायचं नाही, हे तत्त्व तेच. परसातलं पान तोडून थेट जखमेवर ठेवायचा हा सल्ला नव्हे. ते निर्जंतुक करूनच वापरायचं असतं.

दगडीपाल्याचा रस, हळद, चुना, कापूर घातलेलं खोबरेल, अँटिबायोटिकची पावडर यातलं काहीही बाबांच्या जखमेत घालू नका. पावडरचा लगदा होऊन तळ दिसेनासा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दाट आयोडीन रोज ओतलं तर जंतूंबरोबर मांस भरणाऱ्या पेशीही मरतात. धुवायला सलाईन, ते नसेल तर उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी पुरे. मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) फुटलेल्या कोरड्या टाचेला लावा, उघड्या जखमेत नको.

डॉक्टरांनी नाडी बघून, घट्टा काढून, जखम कोरडी आहे असं सांगितलं, तरच भावाची ट्यूब उघडा. मुदत बघा. जखम धुऊन भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, कडेला व्हॅसलीनचा किंवा झिंकच्या मलमाचा पातळ हात फिरवा. जेल फक्त जखमेच्या आत, साधारण पाव इंच, कडेवर सांडू न देता. वर न चिकटणारी जाळी, मग गॉझ. दर एक ते तीन दिवसांनी बदला. कड पांढरी पडू लागली की जेल बंद. दर रविवारी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्यावर आला नाही तर ड्रेसिंग बदलत बसू नका, रक्तपुरवठा, हाड आणि दाब हे तिन्ही पुन्हा तपासून घ्या. साखर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारा.

पाय लाल होऊन लाली वर चढत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, साखर अचानक वाढली असेल, जखमेला कुजका वास येत असेल किंवा कातडीखाली चुरचुर आवाज लागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी करून जिल्हा रुग्णालय गाठा, जेवण झालेलं असो वा नसो, आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.